२०२७ चं खग्रास ग्रहण जुन्या हँडीकॅमवर शूट होईल काय?

कापूसवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. मेहुणा सौदीतल्या जेद्दाला नोकरीवर आहे, तो म्हणते २ ऑगस्ट २०२७ ला तिथं खग्रास सूर्यग्रहण आहे, सहा मिनिटांच्या आसपास सूर्य पूर्ण झाकून राहीन, तू येच. तिकिटाचं जमून राहिलं. आपल्याकडं त्या दिवशी संध्याकाळी थोडंसंच खंडग्रास, तेही आखाडातल्या ढगातून दिसलं तर. बाबांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता तेव्हाचा मिनी डीव्ही टेपवाला हँडीकॅम घरी चालू हालतमध्ये आहे, २० एक्स झूम, बॅटरी नवीन टाकली. मोबाईलनं सूर्य टिकलीएवढा येते म्हणून हाच न्यायचा विचार आहे. आता सांगा, आतला सेन्सर जळन काय? गावात सगळे म्हणतात एक्सरेची फिल्म लाव, ते चालते काय? अन् काळा सूर्य अन् त्याच्याभोवतीची प्रभा टेपवर नीट यावी म्हणून सेटिंग काय ठेवू?

शूटिंगवाला_पुसद
एक्सरे नको बाप्पा, काजळी लावलेली काच नको, सीडी नको. अस्ट्रोसोलर फिल्म म्हणून चांदीसारखा चमकणारा कागद भेटते, एक लाखातला एक भाग उजेड आत सोडते, तोच लाव आणि लेन्सच्या समोर लाव, मागं नाही. पुठ्ठ्याची टोपी बनव जी लेन्सवर अलगद चढन-उतरन. आट्यावाला फिल्टर घेऊ नको, ऐन वेळी फिरवत बसशील, कॅमेरा हालन अन् फोकसही जाईन. हवेनं उडू नये म्हणून बाजूनं चिकटपट्टी. लावायच्या आधी टॉर्चसमोर धरून पाय, बारीक छिद्र दिसलं तर तो तुकडा बाद.

टोपी काढायची फक्त सूर्य पूर्ण झाकतानाच, हिऱ्याची अंगठी दिसते नं तेव्हा, म्हणजे काळ्या थाळीच्या कडेला उजेडाचा एकच चमकता ठिपका उरते तेव्हा. अन् शेवटी दुसऱ्या बाजूनं अंगठी आली की लगेच परत घालायची, तिथं हावरेपणा नाही. बाकी पूर्ण वेळ बिना टोपीचा झूम करून सूर्याकडं ठेवला तर सेन्सर जळू शकते.

फोकस मॅन्युअल कर. ऑटोवर ठेवशील तर अंधार पडला की कॅमेरा पुढं-मागं शोधत राहीन अन् तुझी सहा मिनिटं त्यातच जातीन. फिल्टर लावून सूर्याची कड धारदार कर, मंग हात लावू नको. डिजिटल झूम बंद, स्टेडीशॉट (हालणं सावरणारं) बंद, नाईटशॉट (अंधारातल्या शूटिंगचं) तर बंदच, व्हाईट बॅलन्स उन्हावर.

विज्ञानमास्तर
पुसदवाल्यांचं बरोबर आहे, फक्त एक्सपोजरचं, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो त्याचं, राहिलं, आणि बहुतेकांचं शूटिंग तिथंच बिघडतं. कॅमेरा ऑटोवर असला की त्याला फ्रेममध्ये बराचसा काळोख दिसतो, मग तो उजेड वाढवत नेतो आणि प्रभामंडळाचा नुसता पांढरा गोळा होतो, मधे काळी थाळी. त्यामुळे एक्सपोजर हातानं ठेवा. अंगठीच्या वेळी कमी ठेवा, तेव्हाच कडेची गुलाबी धग आणि ज्वाला दिसतात. मग हळूहळू वाढवत न्या म्हणजे बाहेरची प्रभा उमटेल, आणि शेवट जवळ आला की परत कमी.

सरावासाठी पौर्णिमेचा चंद्र घ्या. आकाशात चंद्र-सूर्य दोघांचाही आकार अर्ध्या अंशाच्या आसपास, आणि खग्रासातल्या प्रभामंडळाचा एकूण उजेड साधारण पूर्ण चंद्राइतका. म्हणजे कोजागिरीला दूध आटेपर्यंत तुमची निम्मी तालीम होऊन जाते.

आणि आकाश सरकतं हे ध्यानात ठेवा. दोन मिनिटांत सूर्य स्वतःच्या व्यासाएवढा पुढं जातो, सहा मिनिटांत तीन व्यास. झूम गच्च केला तर तो फ्रेमबाहेर जाईल, थोडी मोकळी जागा ठेवा, नाहीतरी प्रभा लांब पसरते तिलाही जागा लागतेच.

डोळ्यांसाठी ग्रहणाचा चष्मा वेगळा घ्या. तो घालून व्ह्यूफाइंडरला किंवा दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, एकवटलेल्या उन्हानं चष्माच जळतो. बाजूच्या स्क्रीनवर पाहा.

वऱ्हाडी_आजोबा
११ ऑगस्ट १९९९ ची सावली गुजरातेतून शिरून आपल्या विदर्भावरून आंध्राकडं गेली होती, जिवतीच्या अवसेला, संध्याकाळी सहाच्या सुमारास. योगायोग पाय, २०२७ चं पण जिवतीलाच हाय. तेव्हा सगळीकडं ढग, सूर्य काही दिसला नाही, पण अंधार असा धावत आला का बगळे बाभळीवर येऊन बसले, आमची म्हातारी देवघरातून बाहेर यायला तयार नाही अन् पोट्टे वावरात नाचून रायले. एकानं व्हीएचएस कॅमेऱ्यावर ते घेतलं होतं. पण टेप पाह्यली तर अंधारच नाही! कॅमेऱ्यानं आपोआप उजेड वाढवला, सगळं दुपारसारखं. म्हणून सांगतो, मेहुण्याचा मोबाईल स्टँडवर लाव, रुंद फ्रेम, एक्सपोजर लॉक, अन् चालू करून सोडून दे. त्यात क्षितिजाभोवतीचा तांबडा उजेड येईन, लोकांचा गलका येईन. सूर्याचे फोटो सगळ्या जगाकडं राहतीन, हे तुझंच राहीन.

शूटिंगवाला_पुसद
आजोबा एक नंबर. माइक बंद करू नको अन् वरून गाणं पण टाकू नको. फक्त तिथं अनोळखी लोकांचं, बायामाणसांचं विचारल्याबिगर शूटिंग नको, नियम कडक आहेत, गच्चीवरून घरच्यांचंच घे.

कापूसवाला_दारव्हा
लय भारी माहिती. ट्रायपॉड बाबांचा लग्नवालाच आहे, वजनी. त्यानं होते नं?

विज्ञानमास्तर
तिथं अडचण आहे. जेद्दाला हे दुपारी सव्वा-दीडच्या सुमारास, सूर्य ७५ अंशांच्याही वर, जवळजवळ डोक्यावर. लग्नाच्या ट्रायपॉडची मुंडी सहसा तेवढी वर वळत नाही, दांडा पायाला अडतो. आपल्याकडं मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतोच, तेव्हा दुपारी अंगणात फिल्टर लावून करून पाहा. मुंडी अडली तर कॅमेरा उलट्या बाजूनं बसवून पाहा.

शूटिंगवाला_पुसद
अन् ऑगस्टमधलं तिथलं ऊन म्हणजे आपला मे. काळा कॅमेरा तापून बंद पडू शकते, ग्रहण लागेपर्यंत पांढरा ओला न केलेला दुपट्टा टाकून ठेव. टेप नवी, अन् अंगठीच्या बरंच आधी बदलून घे, ६० मिनिटांची टेप ऐन वेळी संपू देऊ नको. रिमोट असला तर रिमोटनं चालू कर.

कापूसवाला_दारव्हा
रिमोट आहे, सेल टाकतो. टेप तर आणीन, पण उतरवू कशात? टेपवरचं कॉम्प्युटरमध्ये घ्यायला फायरवायरची केबल लागते, अन् आताच्या लॅपटॉपला तिचं भोकच नाही.

शूटिंगवाला_पुसद
माझ्याकडं जुना पीसी आहे फायरवायर कार्डवाला, आला की पुसदला घेऊन ये. आणि कॅमेरा सोबत आण, त्यावरच टेप वाजवावी लागते.