मदत हवी आहे: कवळी रोज घासूनही दोन दिवसांत परत बुळबुळीत

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री ११:४०)
सरळ मुद्द्यावर येतो. बाबांची कवळी रोज घासली जाते. सध्या मी गावी आलोय म्हणून मी घासतो, एरवी ते स्वतः. घासल्यावर चकचकीत दिसते, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट फिरवलं की परत तोच बुळबुळीत थर. वासही मारते. खालचे जे दात शिल्लक आहेत त्यांच्या मागे पिवळं कीटण दगडासारखं चिकटलंय. ते फेब्रुवारीत साफ करून आणलं होतं, आता जुलैत पुन्हा जैसे थे. डॉक्टर म्हणाले, "नीट घासा." अहो, घासतोच आहोत! पाण्यात टाकायच्या गोळ्या आणल्या, फरक शून्य. हे इतक्या लवकर परत येतं कुठून? कायमचं जाईल असं काही आहे का?

सोमवारी रात्रीच्या गाडीने बंगळूरला निघायचंय, त्याआधी सांगा. "डॉक्टरांना दाखवा" हा सल्ला नको, दाखवून झालंय.

चिंगी (रात्री ११:५२)
पूर्ण कवळी की अर्धी? किती जुनी? बाबांचं वय? शुगर आहे का? घासता म्हणजे कशाने? रात्री काढून ठेवतात का? एवढं सगळं गाळून "सरळ मुद्द्यावर" कसं यायचं?

कृष्णाकाठ (रात्री ११:५८)
वय ७६. शुगर नाही. वर पूर्ण, खाली अर्धी. नऊ वर्षं झाली. ब्रशने घासतो, पेस्ट लावून. दात अजून कशाने घासतात? रात्रीचं माहीत नाही, ते झोपलेत.

निवृत्त_तात्या (रविवार, सकाळी ६:०५)
खायचा सोडा आणि सैंधव समप्रमाणात घ्या. ह्या पेस्टांनीच दातांची वाट लावली. आमच्या वडिलांनी जन्मभर बाभळीची काडी आणि राखुंडी वापरली, ८८ व्या वर्षी ऊस सोलून खात होते.

चिंगी (सकाळी ८:२०)
तात्या, त्यांना कवळी होती का?

निवृत्त_तात्या (सकाळी ८:३१)
नव्हती. तेच तर सांगतोय.

लॅबवाला (सकाळी ९:१०)
तात्यांचं एक बरोबर आहे, पेस्ट बंद करा. पण कारण वेगळं. आम्ही कवळ्या बनवतो, रोजचं काम आहे. कवळीचं अ‍ॅक्रिलिक दाताच्या इनॅमलपेक्षा कितीतरी मऊ. पेस्टमध्ये घासणारी पूड असते. ती दाताला चालते, कवळीवर बारीक ओरखडे काढते. ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, उलट कवळी चमकतेय असंच वाटतं. पण खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की थर भराभर धरायला लागतो. नऊ वर्षं पेस्ट म्हणजे तुमची कवळी आता नांगरलेलं शेत आहे.

भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि वेगळा मऊ ब्रश. उकळतं पाणी अजिबात नाही, वाकडी होते. बेसिनमध्ये पाणी भरून किंवा टॉवेल अंथरून त्यावर धुवा. हातातून सटकून तुटलेल्या कवळ्या आमच्याकडे आठवड्याला येतात.

आणि टाळूला चिकटणारी आतली बाजू आम्ही मुळातच पॉलिश करत नाही, नाहीतर बसत नाही नीट. लोक नेमकी बाहेरची, दिसणारी बाजू घासतात.

मोगरा (सकाळी ९:४४)
दात पिवळे असतील तर स्ट्रॉबेरी चोळा. माझ्या बहिणीने लग्नाआधी केलं होतं.

चिंगी (सकाळी ९:४६)
???

सूक्ष्मदर्शी (सकाळी १०:३०)
"येतं कुठून" ह्याचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो. हा माझा विषय आहे.

ते कुठून येत नाही, ते तोंडातच असतं. दात घासून चूळ भरली की काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो. कवळीवरही बसतो. ह्या पापुद्र्याला पकडून पहिले जिवाणू येतात, मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस जातीचे आणि अ‍ॅक्टिनोमायसीस. ते स्वतःभोवती चिकट गोंद तयार करतात आणि मग त्यांना धरून दुसरे येतात. फ्युझोबॅक्टेरियम नावाचा लांबट जिवाणू मधला दलाल, आधीच्यांनाही धरतो आणि हिरड्या बिघडवणाऱ्या नंतरच्यांनाही. झाली बायोफिल्म. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर किंवा मोरीत हाताला लागतं ना, तेच प्रकरण.

गाल-जिभेवर हे इतकं का साचत नाही? तिथली कातडी सतत झडते, भाडेकरूंसकट. दात झडत नाही आणि कवळीही झडत नाही. बाळाला दात येईपर्यंत स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सला (दात किडवणारा जिवाणू) तोंडात नीट बस्तान बसवता येत नाही. सगळे दात काढले की तो जवळजवळ नाहीसा होतो आणि कवळी घातली की परत हजर! त्याला कठीण जागा हवी, ती तुमची स्वतःची की लॅबमधली ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

गोळ्यांनी फरक का नाही? १६८३ मध्ये लेवेनहूक नावाच्या डच हौशी संशोधकाने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली बघितला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली, तर फक्त थराच्या बाहेरच्या बाजूचे मेले. आतले सुखरूप. तीच गत गोळीची आणि माउथवॉशची. आधी घासून थर मोडायचा, मग भिजवायचं. न घासता नुसती बुडवून ठेवली तर वरवरची आंघोळ.

आणि "कायमचं" काही नाही. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्‌हुसमध्ये हॅराल्ड लो ह्या दंतसंशोधकाने आणि सहकाऱ्यांनी हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना दात घासायचं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. म्हणजे थर आपण रोज मोडायचा, जिवाणू तो रोज बांधणार.

कृष्णाकाठ (सकाळी ११:०२)
वाचलं. छान आहे, कॉलेजात असतो तर टिपण काढलं असतं. पण रोज घासतोय हे पहिल्याच वाक्यात लिहिलंय. रोज मोडतोच आहे. तरी दोन दिवसांत एवढा जाड थर का? शेजारच्या काकूंची कवळी आमच्यापेक्षा जुनी आहे, त्यांना हा त्रास नाही.

नीटनेटकी (सकाळी ११:२०)
घरातलं कपड्यांचं ब्लीच. अर्धं पाणी, अर्धं ब्लीच, रात्रभर. सासूबाईंची कवळी मी अशीच पांढरीशुभ्र ठेवते. लोक उगाच सोवळं पाळतात.

लॅबवाला (सकाळी ११:२६)
कृपया असं काही करू नका!! खाली अर्धी कवळी म्हणजे बहुतेक धातूच्या हुका असणार. ब्लीचने धातू गंजतो, काळा पडतो.

नीटनेटकी (सकाळी ११:३१)
सहा वर्षं करतेय, काही गंजलं नाही.

लॅबवाला (सकाळी ११:३३)
सासूबाईंची पूर्ण आहे की अर्धी?

नीटनेटकी (सकाळी ११:३५)
पूर्ण.

लॅबवाला (सकाळी ११:३५)
🙏

सूक्ष्मदर्शी (सकाळी ११:५०)
ब्लीच थर मारतं ह्यात वाद नाही. पण पूर्ण कवळीलासुद्धा अर्धं-अर्धं आणि रात्रभर म्हणजे अतिरेक. अमेरिकेतल्या कवळीतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०११ च्या सूचना म्हणतात, १० मिनिटांपेक्षा जास्त नको. पांढरीशुभ्र झालीय तीही बहुधा रंग उडून. हिरडीचा भाग गुलाबी असतो ना मुळात?

निवृत्त_तात्या (दुपारी १२:१५)
अवांतर: आमच्या आत्याची कवळी गणपती विसर्जनाला बोटीत बसताना शिंक येऊन पाण्यात गेली. आरतीपर्यंत कुणाला पत्ता नाही. "सुखकर्ता"ला आवाज फुटेना तेव्हा कळलं.

मोगरा (दुपारी १२:२०)
😂 आमच्या आज्जीची मिश्री लावताना मोरीत गेली होती. मिश्री काही सुटली नाही.

चिंगी (दुपारी १२:२४)
तात्या, वेगळा धागा काढा, मी पहिली येईन. कृष्णाकाठ, बाबा उठले असतील ना एव्हाना? रात्रीचं विचारलंत का?

दातांची_ताई (दुपारी २:४०)
मी दंतवैद्य आहे. तोंड न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या वर्णनात मला हवं ते काहीच नाही, म्हणून चार गोष्टी बघून सांगा. पहिलं, वरची कवळी काढून टॉर्च मारा: टाळू लाल आहे का, आणि लाली कवळीच्या आकाराची आहे का? दुसरं, कवळीच्या आतल्या बाजूला नख लावा. कडक लागते की रबरासारखी मऊ? तिसरं, बाबा कोणती औषधं घेतात? फक्त शुगरची नाही, सगळी. पंपसुद्धा. चौथं तेच, चिंगींनी विचारलेलं.

कृष्णाकाठ (दुपारी ३:३०)
टाळू लालभडक आहे, ताई. कवळीचा छापा मारल्यासारखा. त्यांना दुखत नाही म्हणतात.
आतून मऊ आहे. तीन वर्षांपूर्वी सैल झाली म्हणून तालुक्याच्या ठिकाणी आतून गुलाबी रबरासारखा थर बसवून घेतला होता. हे सांगायचं राहिलं, मला वाटलं सगळ्यांच्याच असतं.
दम्याचा पंप दिवसातून दोनदा घेतात. बीपीची गोळी. रक्त पातळ करायचं काही नाही, नंतर कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगतो. पंपाचा इथे काय संबंध?
रात्री काढत नाहीत. नऊ वर्षांत काढलेली नाही!

लॅबवाला (दुपारी ३:३८)
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर माझं शेत नांगरणं वाचलं असतं.

दातांची_ताई (दुपारी ४:१५)
मग मला जवळपास खात्री आहे. हे नुसते जिवाणू नाहीत, कँडिडा नावाची बुरशी आहे आणि ती त्या मऊ थरात घुसून बसलीय. तो थर स्पंजासारखा सच्छिद्र असतो, तात्पुरता म्हणून बसवतात, वेळेवर बदलावा लागतो. तीन वर्षं म्हणजे ब्रश वरून फिरतो आणि आतलं गोदाम तसंच राहतं. तुम्ही घासून वरचा थर काढता, दोन दिवसांत आतून भरपाई होते. शेजारच्या काकूंच्या कवळीला तो मऊ थर नसणार.

रात्रंदिवस कवळी असली की टाळूला लाळही लागत नाही आणि हवाही. वाढायला ह्याहून चांगली जागा नाही. दम्याच्या रोजच्या पंपात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं आणि ते तोंडात राहिलं की बुरशीला रान मोकळं. पंप अजिबात बंद करू नका. पंप घेण्याआधी कवळी काढायची, घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायची. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) वापरत नसतील तर छातीच्या डॉक्टरांना विचारा.

तुम्ही "दाखवा म्हणू नका" म्हणालात, तरी म्हणते. तो थर काढून नवीन बसवायचा किंवा नवीन कवळी करायची, आणि टाळूला बुरशीचं औषध. दोन्ही एकत्र. नुसतं औषध लावलं तर कवळीतून परत येते, नुसती कवळी बदलली तर टाळूवरून. रक्त पातळ करणारं औषध नाही हे बरं झालं सांगितलंत, कारण मायकोनाझोलचं तोंडात लावायचं जेल वॉरफरिनबरोबर चालत नाही.

तोवर: पेस्ट बंद, लिक्विड साबण, आतली बाजू हलक्या हाताने. ब्लीच नको, हुका आणि मऊ थर दोन्ही जातील. रात्री साध्या पाण्यात ठेवा, कोरडी ठेवू नका. गोळी टाकलीत तर सकाळी नळाखाली भरपूर धुऊनच घालायची.

खालच्या दातांचं कीटण वेगळी गोष्ट. खालच्या पुढच्या दातांच्या मागेच लाळग्रंथींची तोंडं उघडतात, लाळेत कॅल्शियम असतं, थर काही दिवसांतच कडक व्हायला लागतो. कडक झालेलं घरी ब्रशने निघत नाही. आणि कवळीच्या हुका ज्या दातांना धरतात तिथे दुप्पट साचतं. वर्षातून एकदाच स्केलिंग (डॉक्टरांकडून कीटण काढणं) त्यांना पुरणार नाही, तीन-चार महिन्यांनी करा. ह्या दातांना पेस्ट चालते, बरं का. कवळीला नको म्हटलं की लोक दातांचीही बंद करतात.

नीटनेटकी (दुपारी ४:३०)
सहा वर्षांत मी कुणाला मारलेलं नाही. असो. दहा मिनिटांवर आणते.

कृष्णाकाठ (संध्याकाळी ६:५०)
ताई, खूप आभार. उद्या सकाळची वेळ मिळाली, थराचं मुद्दाम बोलतो. गाडी एक दिवस पुढे ढकलली.

पण नवीन अडचण. बाबा रात्री काढायला तयार नाहीत. तासभर डोकं फोडलं. शेवटी कारण कळलं: पहाटे साडेपाचला दूधवाला येतो, आणि बिनदाताच्या तोंडाने दार उघडायचं नाही. आई होती तेव्हा ती उघडायची.

सूक्ष्मदर्शी (संध्याकाळी ७:१०)
त्यांना सांगा, जपानमध्ये ८५ च्या पुढच्या ५२४ जणांवर तीन वर्षं अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये छापून आला. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. त्यात ह्यांना दमा.

चिंगी (संध्याकाळी ७:१४)
जपानचं सांगून कुणाचे बाबा ऐकलेत? दाराला पिशवी लावा. दूधवाल्याला म्हणावं, पिशवीत टाकून जा.

दातांची_ताई (संध्याकाळी ७:४०)
चिंगी +१. रात्र उत्तम. पण अगदीच नाही ऐकले तर दुपारच्या झोपेपासून संध्याकाळच्या चहापर्यंत तरी काढू देत. काहीच नाही त्यापेक्षा बरं.

निवृत्त_तात्या (रात्री ८:०२)
मी सोड्याचं म्हणालो होतो त्याचं काय झालं?

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ७:१५)
काल तो मऊ थर काढला. तीन वर्षांचा नमुना बघून डॉक्टरांनीच तोंड वाकडं केलं. टाळूला लावायचं औषध दिलंय दोन आठवडे, मग नवीन माप. काल रात्री बाबांनी पहिल्यांदा कवळी वाटीत ठेवली, वर ताटली झाकली.

पिशवी लावली होती. दूधवाल्याने पिशवीत दूध टाकलं आणि मग बेल वाजवली. "काका बरे आहेत ना, आज दार उघडलं नाही?"

चिंगी (सकाळी ७:२१)
मग?

कृष्णाकाठ (सकाळी ७:२४)
बाबांनी आतूनच "हो हो" केलं. तोंडावर टॉवेल धरून.