पुन्हा: आई-बाबा इकडे येताहेत, तिकडच्या मावशींचा पगार?

मंडळी,
शनिवारच्या आत उत्तर हवंय. आई-बाबा १४ तारखेला पुण्याहून निघताहेत, पाच महिने इकडे परदेशात आमच्याकडे. कोथरूडला धुणं-भांडी आणि केर-फरशीला मावशी अकरा वर्षं आहेत, ३,२०० पगार. बाबा म्हणतात निम्मा देऊ. मावशी म्हणाल्या, "निम्म्यात भागत नाही ताई, मी दुसरं घर धरीन." परत आल्यावर आईला गुडघ्यांमुळे नवीन बाई शोधत बसणं जमणार नाही. तुम्ही काय करता?
(मागच्या वेळच्या कुकरच्या चर्चेसारखं भरकटू नका, प्लीज.)

---
निम्माच. आमच्या सोसायटीत सगळे तेवढाच देतात. तू पूर्ण दिलास की दर फुटतो आणि मग बाकीच्यांना ऐकून घ्यावं लागतं. शिवाय ही ईमेल-यादी आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या कामासाठी आहे, हे नम्रपणे.
– खजिनदार

---
दर फुटतो म्हणे! इकडे आदल्या रात्री क्लीनरला "उद्या नको" कळवलं तर तुम्हीच मुकाट्याने पैसे भरता. न्यू जर्सीत तर २०२४ पासून लेखी करार करावा लागतो. पुण्यात २००८ च्या घरकामगार कल्याण मंडळाच्या कायद्यात नोंदणी आहे, मदत आहे. पण मालकाने पगार किती द्यायचा, रजा किती, यावर तो गप्प. तेव्हा उत्तर कायद्यात शोधू नकोस. मावशींची नोंदणी झालीय का ते मात्र विचार. वयाची साठी उलटली की होत नाही, आणि जिथे काम करतात तिथला दाखला लागतो. बाबांनी निघण्याआधी सही करून द्यावी.
बाकी पाच महिन्यांचे पूर्ण १६,००० होतात. दोघांच्या तिकिटांना किती गेले?
– माजी सचिव

---
१९८० चा मोलकरणींचा संप कुणाला आठवतो? आम्ही कर्वे रोडला होतो. तेव्हाही भांडण हेच, आजारपणातले खाडे आणि पगारी रजा. आई राखेने भांडी घासायची आणि "बरोबरच आहे त्यांचं" म्हणायची. पगार वाढवला मात्र पाचच रुपये.
– काका, बुद्धिबळ गट

---
काका, १९८० मध्ये कर्वे रोडला राख? आमच्याकडे विमची पावडर होती.

---
पावडर महाग पडायची. असो.

---
किल्ली मावशींकडे ठेव. आठवड्यातून दोनदा कुंड्यांना पाणी, नळ सोडणं. काम झालं, पगार पूर्ण, बाबाही खूश.
– सांस्कृतिक समिती

---
किल्लीचं मलाही पटलं होतं, म्हणून काल फोन केला. मावशी लगेच म्हणाल्या, "किल्ली नको. उद्या एखादी वाटी सापडली नाही तर माझंच नाव." अकरा वर्षांनंतर! मला काही बोलताच आलं नाही. बाबा स्पीकरवर ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, पूर्ण देऊ.

जीपे नको म्हणाल्या, नंबर मुलाचा आहे. म्हणून शेजारच्या काकूंकडे पाच पाकिटं, दर १ तारखेला एक. दाखल्यावर बाबांची सही झाली. मावशींना ५८ वं चालू आहे. दिवाळी मधेच येते, तेव्हाच्या पाकिटात बोनसही घातलाय. खजिनदारकाका, किती ते विचारू नका.