हरला की पोरगं आकाशपाताळ एक करतंय, काय करावं?

जुळे_सोलापूरची_आई

नमस्कार. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. बोलका आहे, मायाळू आहे, पण मनासारखं झालं नाही की संपलंच. परवा गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो, होम मैदानावर ते रिंग टाकायचे स्टॉल असतात बघा, साबण, बिस्किटपुडे मांडलेले. यानं सगळ्या रिंगा टाकल्या, एकही बसली नाही. लगेच धुळीत फतकल मारून बसला आणि हातपाय आपटून रडायला लागला. नवऱ्यानं पटकन पैसे देऊन अजून रिंगा घेतल्या, सासूबाई म्हणाल्या फोन दे हातात गप्प बसेल, मी म्हणत होते चल घरी. तिघांच्या तीन तऱ्हा.

घरी पण तेच की. सापशिडीत साप चावला की पट उलटा. वजाबाकीत हातचा चुकला की खोडरबरनं पान फाटेपर्यंत घासतो आणि मग वहीच भिरकावतो. चित्रात हत्तीची सोंड वाकडी आली म्हणून अख्खा कागद चुरगाळला, आम्हाला ती सोंड छानच दिसत होती. आणि आता नवीन काही समोर ठेवलं की आधीच "मला येत नाही" म्हणायलाय, हात पण लावत नाही. रडण्यापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते. त्याच्याशी मुद्दाम हरायचं का? का दम द्यायचा?

खडू_फळा

ताई, मी प्राथमिकला शिकवते, वर्गात अशी दोन-चार मुलं दरवर्षी असतातच. मुद्दाम हरू नका, सात वर्षांच्या पोराला ते कळतं आणि मग खरं जिंकल्यावरही त्याला खरं वाटत नाही. त्यापेक्षा उघड सवलत द्या. कॅरममध्ये "तू लहान आहेस, तुझ्या पाच सोंगट्या आधीच आत" असं सांगून खेळायचं. बुद्धिबळ येत असेल तर तुम्ही वजीर काढून खेळा. तो तयार झाला की सवलत एकेक कमी करायची, आणि ती कमी झाली हीच त्याच्यासाठी मोठी गोष्ट असते, पोरं स्वतःहून सांगतात आता चारच द्या.

सापशिडी मात्र काही दिवस माळ्यावर टाका. त्यात सगळा फाशाचा खेळ, आपण काय केलं म्हणून हरलो हे सांगायला काहीच नाही, आणि ९८ वरून साप खाली आणतो तेव्हा मोठ्या माणसाला पण राग येतो. पाच मिनिटांत संपणारे डाव घ्या. हरणं लवकर संपतं, लगेच दुसरा डाव मांडता येतो.

आणि तो पेटलेला असताना शिकवायला जाऊ नका हो. रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, सात वर्षांच्या मुलाकडे तो ब्रेक अजून कच्चाच आहे. त्या वेळी जवळ बसायचं, कमी बोलायचं. "रिंग बसली नाही, लई राग आला ना" एवढंच. फुटाणे खात बसला असेल तेव्हा संध्याकाळी बाकीचं बोला.

अशोक_चौक

माझ्या मुलीचं गणितात असंच व्हायचं. पेन्सिल अडली की मी लगेच हातातून घेऊन उत्तर लिहून मोकळा, वेळ कुठं असतो आपल्याला. तिच्या बाईंनी सांगितलं की पेन्सिल घ्यायचीच नाही. आधी थोडं थांबायचं, मग एकच इशारा, "एककाच्या घरात बघ", परत थांबायचं. शिक्षणशास्त्रात याला स्कॅफोल्डिंग म्हणतात, वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ साली मांडलेली गोष्ट आहे. बांधकामाला परांची लावतात ना, भिंत उभी राहिली की काढून घ्यायची.

माझे वडील चादरीच्या मागावर होते. ताण्याची तार तुटली की माग थांबवायचे, वाकून ती तार शोधायचे, गाठ मारायचे, परत सुरू. पाळीत कितीतरी वेळा. त्यांच्याशेजारी बसून मुलगी हे ऐकायची आणि "आजोबा, राग नाही यायचा?" विचारायची. ते म्हणायचे येतो की, पण तार कोण जोडणार. आता चूक झाली की ती स्वतःच म्हणते, थांब, तार शोधते.

आणि "हुशार आहेस" जरा कमी म्हणा. म्युलर आणि ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास आहे, हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढची अवघड कोडी आल्यावर लवकर सोडून देत होती, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहत होती. तुमच्या पोराचं "मला येत नाही" त्यातलंच वाटतंय मला. हुशार म्हणवून घेतलेल्याला चुकायची भीती जास्त.

विजापूर_रोड_काका

लहानपणी ज्याला थांबता येतं तोच पुढं यशस्वी होतो, तो गोळीचा प्रयोग आहे ना अमेरिकेतला, समोरची गोळी लगेच न खाता थांबलं तर दोन मिळणार असा. आत्तापासून कडक शिस्त लावा, नाहीतर अवघड आहे.

खडू_फळा

काका, तो मार्शमॅलोचा प्रयोग. २०१८ साली नऊशेच्या आसपास मुलांची माहिती घेऊन तो परत तपासला, तेव्हा घरची परिस्थिती वगैरे धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. सात वर्षांच्या मुलाचं भविष्य आत्ताच ठरवून टाकू नका, ताईंना उगाच घोर लागेल.

दोन_नातवांची_आजी

सूनबाई, एक विचारते. गड्ड्याला किती वाजता होतात? पोरगं जेवलं होतं का? रात्रीची गर्दी, लाउडस्पीकर, धूळ, पोटात भजी आणि गोड. अशा वेळी मोठी माणसं पण एकमेकांवर खेकसतात. माझ्या धाकट्या नातवाचा निम्मा राग भूक आणि झोप, बाकी निम्म्याचं बघू म्हणते मी. शाळेतून आला की आधी भाकरी आणि शेंगाचटणी दही घालून, मग अभ्यास. आणि चुलतभावाशी तुलना करत असतील घरात कुणी तर ती आधी बंद करा, माझं ऐका.

जुळे_सोलापूरची_आई

आजी, साडेनऊ वाजले होते आणि जेवला नव्हता, बरोबर ओळखलंत. कॅरम काढलाय माळ्यावरून. अजून एक विचारायचं राहिलं, राग आला की कधीकधी हात उगारतो, मला किंवा बहिणीला. तेव्हा पण नुसतं जवळ बसायचं का?

खडू_फळा

नाही ताई, तिथं हात धरायचा. घट्ट, पण दुखेल असा नाही. "चिडू शकतोस, मारायचं नाही", तेवढंच वाक्य, प्रत्येक वेळी तेच, आणि तुमचे मिस्टर, सासूबाई सगळ्यांनी तेच म्हणायचं. एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं नव्या रिंगा घेऊन द्यायच्या असं झालं की तो मोठ्यानं रडून बघणारच. शांत झाल्यावर बहिणीला काय हवं ते त्यानंच विचारायचं, पाणी आणून देईल, पट परत मांडेल. जबरदस्तीचं सॉरी नको.

फोनचं पण ऐका, रडताना हातात देऊ नका. गप्प होतो खरं, पण स्वतः शांत व्हायची त्याची वेळ तेवढी जाते.

आणि शाळेतही असंच होत असेल, स्वतःला मारून घेत असेल, किंवा लिहिता-वाचताना नेहमीच फार अडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नजर आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वही फेकणारी मुलं मी बघितलीत. डॉक्टरांच्या आधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आणि मराठीत बोलता येतं.

जुळे_सोलापूरची_आई

शाळेत बाईंना उद्याच विचारते, तो शेवटच्या बाकावर बसतो.