‘चीप’ खेळणाऱ्याला मराठीत काय म्हणावे?

तिठा

‘स्ट्रीट फायटर टू’ हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम १९९२ साली सुपर निन्टेन्डो या घरगुती गेम-यंत्रावर आला. त्याच्याबद्दल जुन्या खेळाडूंनी इंग्रजीत लिहिलेली मते मी सध्या मराठीत आणत आहे. ग्राफिक्स, आवाज, बटणांची रचना यांविषयीचा मजकूर सरळ उतरतो, पण ‘चीप’ (शब्दशः स्वस्त) या एका विशेषणापाशी काम अडले आहे. एकाच्या मते गाईल हा लढवय्या घेऊन पडद्याच्या टोकाला बसून राहणारा खेळाडू चीप असतो. दुसऱ्याच्या मते समोरच्याला हलका ठोसा अडवायला लावायचा आणि तो अजून बचावात असतानाच त्याला उचलून आपटायचे, हे चीप आहे. तिसरा तर कॉम्प्युटरलाच चीप म्हणतो. मी तिन्ही ठिकाणी ‘रडीचा डाव’ असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या मैत्रिणीने ते तिन्ही ठिकाणी खोडले आणि समासात शेरा मारला, ‘रडी म्हणजे नियम मोडणे, येथे नियम कोणी मोडला?’ माझ्या लहानपणी कोणी असे खेळले की आम्ही ‘रडीचा डाव’ असेच ओरडत असू, त्यामुळे तिचा आक्षेप मला पटलेला नाही. आपले मत काय?

जुनेजाणते

मैत्रिणीचे बरोबर आहे. ‘रडी’चा संबंध माझ्या मते थेट ‘रडणे’शी आहे. आऊट झालेला मुलगा ‘मी आऊट नाहीच’ म्हणून भोकाड पसरतो आणि डाव पुन्हा घ्यायला लावतो, ती रडी. यात नियम मोडणे आहे आणि मोडल्याचे नाकबूल करणेही आहे. गाईल घेऊन बसणारा काहीच नाकबूल करत नाही. त्याच्यासाठी क्रीडावृत्तांत लिहिणाऱ्यांचा ‘अखिलाडू’ हा चांगला शब्द तयार आहे, तो सोडून बाहेर शोधण्याचे कारण मला दिसत नाही.

गाईलभक्त

‘अखिलाडू’ हा शब्द वृत्तपत्रात शोभेल, परंतु दिवाणखान्यात धाकट्या भावाकडून हरलेला मुलगा तो उच्चारणार नाही. शिवाय ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे, कारण शब्दाचा निवाडा खेळाच्या रचनेवर अवलंबून आहे. गाईलचा सॉनिक बूम, म्हणजे त्याने लांबून फेकायचा मारा, सोडायचा असेल तर मागची दिशा काही काळ दाबून धरावी लागते आणि मग पुढची दिशा व ठोशाचे बटण एकदम दाबावे लागते. मागची दिशा दाबली की प्रतिस्पर्ध्याचा मार आपोआप अडवलाही जातो. म्हणजे बसून राहणे ही गाईल खेळणाऱ्याची चैन नसून ती त्याची गरज आहे. खेळ तयार करणाऱ्यांनी त्याला तसाच घडवला आहे. आपटण्याचेही तेच. ठोसा आणि लाथ यांना बचाव अडवतो आणि बचावाला आपटणे भेदते. आपटणे काढून टाकले तर नुसते बसून राहणाऱ्याला उठवण्याचा उपायच उरत नाही. तेव्हा यातले काहीही रडीचे नाही. ज्याला उत्तर सापडत नाही तो समोरच्याला ‘चीप’ म्हणतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे, आणि भाषांतरात ती चडफड दिसली पाहिजे.

माजघर

आमच्या घरी भाऊ आणि चुलतभाऊ खेळायला बसले की आधीच ठरत असे, ‘उचलायचं नाही.’ हा नियम यंत्राचा नव्हता, पोरांचा होता. त्यानंतर कोणी उचलून आपटले, तर ती शंभर टक्के रडी होती आणि रिमोट, म्हणजे खेळायची बटणे असलेला कंट्रोलर, हातातून काढून घेतला जात असे. नियम यंत्रात लिहिलेला असतो तसा खोलीतही ठरलेला असतो, हे मैत्रिणीच्या शेऱ्यात आलेले नाही.

आता शब्दाबद्दल. गिरगावातल्या आमच्या चाळीत ‘रडी’पेक्षा ‘अंचई’ जास्त चालत असे: ‘ए, अंचई करू नको हं!’ शेजारची गुजराती मुलेही हाच शब्द वापरत, त्यामुळे तो त्यांच्याकडून आमच्याकडे आला की आमच्याकडून त्यांच्याकडे गेला, यावर माझे मत विचारू नका. सातारकडचे माझे यजमान हा शब्द मराठी आहे हे मान्यच करत नाहीत.

जुनेजाणते

यजमानांशी सहमत. गुजराती कोशात तो आहे.

माजघर

गुजराती कोशात ‘पाणी’ही आहे.

निळा पतंग

नियमात बसणारी पण मनाला न पटणारी कृती म्हणजे काय, याचे आपल्या ओळखीचे उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. १९४७ साली सिडनीत विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केले. ते नियमात होते, तरीही ‘मांकडिंग’ हा शब्द पुढे कित्येक दशके ठपक्यासारखा वापरला गेला. २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने ही तरतूद गैरखेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेली. तिठा यांना नेमका हवा असलेला शब्द या दोन कलमांच्या मधल्या जागेतला आहे. त्या जागेसाठी मराठीत ‘रडी’ नाही, हे मला मान्य आहे; पण ‘अखिलाडू’ हा निवाडा झाला, शिवी झाली नाही.

शिवी हवी असेल तर ‘हलकट’ घ्यावी. ‘हलका’पासून ‘हलकट’ झाला असावा अशी माझी समजूत आहे, आणि इंग्रजीतही कमी किमतीचा तो क्षुद्र, अशीच वाट त्या शब्दाने चाललेली दिसते. ‘काय हलकट खेळतोस रे!’ हे वाक्य मी स्वतः ऐकलेले आहे. खरे तर ते मला उद्देशूनच होते.

गाईलभक्त

‘हलकट’ माणसाला लागतो, चालीला लागत नाही. ‘हलकट लाथ’ असे म्हणून पाहा.

तिठा

‘हलकट’ माझ्या यादीत नव्हता, आभारी आहे. परंतु तिसऱ्या वाक्याकडे, म्हणजे कॉम्प्युटरला ‘चीप’ म्हणणाऱ्या खेळाडूकडे कोणी वळलेले नाही. यंत्राला हलकट किंवा अखिलाडू म्हणता येईल का?

निळा पतंग

तिसरे वाक्य सर्वांत सोपे आहे आणि तेथे ‘रडीचा डाव’च बरोबर आहे. वर गाईलभक्त यांनी सॉनिक बूमसाठी मागची दिशा दाबून धरावी लागते असे सांगितले. ही अट फक्त माणसाला आहे. कॉम्प्युटर जेव्हा गाईल खेळतो तेव्हा तो पुढे चालत येता येताच सॉनिक बूम सोडतो, कारण त्याला दिशा दाबून धरावीच लागत नाही. खेळाचा नियम एकाला लागू आणि दुसऱ्याला नाही, आणि ज्याला लागू नाही तोच पंच! याला रडी म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? तेव्हा मैत्रिणीने तिन्ही ठिकाणी खोडण्याऐवजी पहिल्या दोन ठिकाणी खोडावे आणि तिसऱ्या ठिकाणी राहू द्यावे.

जुनेजाणते

यंत्र रडत नाही, म्हणून रडी नाही. त्याला ‘पक्षपात’ म्हणावे.

आखाडा

मी कोल्हापूरचा आहे आणि या चर्चेत मला ‘रडी’पेक्षा ‘डाव’ जास्त खटकतो आहे. पत्त्यांत आणि विटीदांडूत डाव म्हणजे खेळाची एक फेरी किंवा आपली पाळी. कुस्तीत डाव म्हणजे एकेक कृती: ढाक, कलाजंग, धोबीपछाड. ‘रडीचा डाव’ यातला डाव पहिल्या अर्थाचा आहे. तिठा यांना मात्र विशेषण लावायचे आहे ते दुसऱ्या अर्थाच्या डावाला, म्हणजे आपटण्याच्या कृतीला. मैत्रिणीचा आक्षेप निम्मा तरी या घोटाळ्यातून आला असावा असे मला वाटते.

कुस्तीत असल्या डावाला काय म्हणतात, असे कोणी विचारील म्हणून आधीच सांगतो: काहीही म्हणत नाहीत. पाठ टेकली की झाले. या खेळात झँगीफ नावाचा रशियन मल्ल आहे. त्याचा मुख्य डाव लावण्यासाठी रिमोटवरच्या फुलीच्या आकाराच्या बटणावर अंगठा पूर्ण गोल फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागते. वर ढकलले की मल्ल उडी मारतो, म्हणून हे वर्तुळ दुसऱ्या एखाद्या हालचालीच्या आडून उरकावे लागते. सुट्टीत माझ्या अंगठ्याच्या डाव्या बाजूला फोड येत असे आणि तो फुटला की खालची कातडी तांबडी दिसे. एवढे करून तो डाव लागला आणि समोरचा ‘चीप’ म्हणाला, तर त्याला काय उत्तर द्यावे हे मला त्या वयात व्यवस्थित ठाऊक होते, येथे लिहिता येत नाही.

माजघर

फोडावरून आठवले. मेगा ड्राइव्ह या दुसऱ्या गेम-यंत्राचा रिमोट चुलतभावांकडे होता आणि त्याला तीनच बटणे होती. ठोसे तीन, लाथाही तीन. म्हणून ‘स्टार्ट’ दाबून ठोशांवरून लाथांवर जावे लागे. सहा बटणांचा रिमोट १९९३ मध्ये निघाला, पण आमच्यापर्यंत पोचला नाही. सुपर निन्टेन्डोवर सहा बटणे आधीपासून होती, त्यातली जोरदार ठोशाची आणि जोरदार लाथेची वरच्या कडेला, तर्जनीखाली. तीन बटणांवाल्याला सहा बटणांवाला चीप वाटणार यात नवल नाही. तिठा यांनी कोणाचे मत कोणत्या यंत्रावरचे आहे, हे पाहूनच शब्द निवडावा.

शेवंती

पहिल्या दोन वाक्यांसाठी ‘फुकटचा’ का नको? ‘फुकटचा मारला’, ‘फुकटात जिंकला’ असे आपण सहज म्हणतो. किंमत न मोजता मिळालेले ते फुकटचे. त्यात नियमभंगाचा आरोप नाही, तक्रार मात्र पुरेपूर आहे. शिवाय ‘चीप’मधला पैशाचा धागाही टिकतो.

गाईलभक्त

‘फुकटात मारला’ हे हरणाराही म्हणतो: ‘छे, फुकट मेलो!’ तेथे दोष स्वतःकडे जातो. शब्द जवळ येतो, पण त्याचे तोंड उलट्या दिशेला आहे.

शेवंती

‘फुकट’ आणि ‘फुकटचा’ यांत फरक आहे. ‘फुकटचा गुण’ हरणारा स्वतःच्या पदरात घालत नाही.

जुनेजाणते

‘गुण’ हा शब्द वाचून बरे वाटले. आतापर्यंत सर्वांनी ‘पॉइंट’ लिहिले असते. याच ओघात सुचवतो की तिठा यांनी ‘कॉम्बो’साठी, म्हणजे एकात एक गुंफलेल्या लागोपाठ फटक्यांसाठी, ‘प्रहारमालिका’ घ्यावा.

निळा पतंग

प्रहारमालिका वाचून होईपर्यंत राउंड संपेल.

या शब्दाची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. कॉम्बो ही कोणी ठरवून केलेली योजना नव्हती. निर्मितीच्या काळात नोरिताका फुनामिझू हे मोटार फोडण्याच्या बोनस फेरीत चुका तपासत होते, तेव्हा एका फटक्यात दुसरा फटका मिसळता येतो असे त्यांच्या लक्षात आले. वेळ इतकी काटेकोर साधावी लागते की ते फारसे कोणाला जमणार नाही, असे मानून ती गोष्ट लपलेली खुबी म्हणून तशीच ठेवली गेली. पुढे सगळे फायटिंग गेम त्यावर उभे राहिले. म्हणजे ज्याला आज कौशल्य म्हणतात तेही मुळात पळवाटच होते. मग आपटणारा तेवढा चीप आणि कॉम्बो मारणारा उस्ताद, ही वाटणी कोणी केली?

आखाडा

पाहणाऱ्यांनी. आपटणे एका क्षणात उरकते, कॉम्बो बघायला मिळतो.

शेवंती

‘कॉम्बो’ला मराठीत ‘सपाटा’ आहे. ‘त्याने सपाटा लावला.’ लागोपाठपणाही आला आणि मारही आला.

जुनेजाणते

सपाटा चालेल. पण मग धालसिमच्या तोंडचे ‘योगा’ही दुरुस्त करा. भारताचे म्हणून दाखवलेले एकमेव पात्र, आणि तेच गळ्यात कवट्यांची माळ घालून, तोंडातून जाळ काढत ‘योगा फायर’ ओरडते. किमान मराठी मजकुरात ‘योग’ असावे. इंग्रजांनी लावलेला तो शेवटचा आकार आपण का वाहायचा?

तिठा

तो डावाचा ठरलेला उद्गार आहे, मी तो बदलणार नाही. आणि आकार इंग्रजांनीच लावला असेल असे नाही. खेळ जपानी आहे आणि जपानीत हा शब्द ‘यो’ व ‘गा’ अशा दोन अक्षरांनी लिहितात. त्या लिपीत स्वराशिवाय नुसता ‘ग्’ लिहिताच येत नाही. आपण ‘योग’ लिहून ‘योग्’ वाचतो, ही सोय त्यांच्याकडे नाही. संस्कृत उच्चारात शेवटचा ‘अ’ असतोच, तेव्हा ‘योग्’पेक्षा तेच मुळाला जवळचे ठरतील, असे मी म्हटले तर येथे भांडण होईल.

जुनेजाणते

होईलच. शेवटचा ‘अ’ आणि ‘आ’ एक नव्हेत.

माजघर

‘सपाटा’ मला मान्य आहे, कारण तो निदान पुल्लिंगी तरी ठरलेला आहे. आमच्याकडे ‘कॉम्बो मारला’ म्हणत, पुतण्या ‘मारली’ म्हणतो, आणि त्याची पुण्यातली मैत्रीण ‘मारलं’ म्हणते. गेमचेही तसेच: मी ‘तो गेम’ म्हणते, यजमान ‘ती गेम’. तिठा यांनी यातले काय घेणार हे ठरवलेले आहे का?

तिठा

माझ्या मजकुरात पहिल्या पानावर ‘तो’ आहे आणि चौथ्या पानावर ‘ती’. मैत्रिणीच्या नजरेला ते अजून आलेले नाही. कोल्हापूरकडे काय म्हणतात?

आखाडा

‘ती गेम’. पण मांडणारे यंत्र आणि आतली कॅसेट मिळून सगळ्यालाच ‘तो व्हिडिओ’ म्हणत.