मदत हवी आहे: आईचा हयातीचा दाखला

नमस्कार मंडळी. आई 82 वर्षांची, बाबांच्या मागे केंद्र सरकारची फॅमिली पेन्शन घेते. ऐंशी ओलांडलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणून नोव्हेंबरची गर्दी टाळायला आधीच बँकेत गेलो. जन्मभर भांडी घासलेले हात, ठसे उमटेनात. काउंटरवरच्या मुलाने तिचा अंगठा पुसून पुसून सहा वेळा मशीनवर दाबला. मग फॉर्ममधला प्रश्न, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा: "आजी, दुसरं लग्न केलंय का?" मागे कोणीतरी फिसकन हसलं. आई तिथे गप्प राहिली. रिक्षात म्हणाली, "पुढच्या वर्षी मेले म्हणून कळव."

भलत्यानेच पेन्शन उचलू नये म्हणून नियम आहे, कळतं मला. पण विचारायची काही रीत?

घरी मोबाइलवर जीवन प्रमाणची (सरकारची ऑनलाइन हयातीच्या दाखल्याची सोय) चेहरा पडताळणी करून पाहिली. डोळे मिचकावा म्हटलं की ती गच्च मिटूनच घेते, मग फोटो नापास. पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत दाखला करून देतो म्हणे. कुणी केलंय का? ठसे नाहीच आले तर तो चेहऱ्यावर करतो का? आणि त्या लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर मी भरून दिलं तर चालतं, की तिलाच तोंडाने सांगावं लागतं?