बेसबॉलचे आडवळणी नियम: प्रेक्षकांची परीक्षा घ्यायची आहे, प्रश्न सुचवा

पंचीणबाई

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मी इथे ओहायोत मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये अंपायर म्हणून उभी राहते. हौसेने नव्हे. लेकाच्या टीमला अंपायर मिळेना, आणि मी वहीत स्कोअर नीट लिहिते म्हणून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हापासून उन्हाळ्यातले शनिवार असे जातात: छातीला चिलखत, तोंडावर जाळी, डाव्या हातात बॉल-स्ट्राइक मोजायचं खटखटं आणि खिशात होम प्लेट (बॅटरपाशी जमिनीत बसवलेली पाटी; रनर फिरून तिथे पोचला की रन) झाडायचा एवढासा ब्रश.

आता मुद्दा. मागच्या शनिवारी १३-१४ वर्षांच्या मुलांची मॅच होती. एक आउट, फर्स्ट बेसवर रनर, बॅटरवर दोन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले नीट बॉल; तीन झाल्या की एरवी आउट). पुढचा बॉल खाली पडला, बॅटरने हवेत बॅट फिरवली आणि बॉल कॅचरच्या (इथला विकेटकीपर) ग्लोव्हमधून निसटला. बॅटर पळत सुटला. फर्स्ट बेसवरचा मुलगा आधीच चोरीला, म्हणजे बॉल पडतानाच पुढच्या बेसकडे, निघालेला. कॅचर बिचारा गांगरला आणि त्याने बॉल फर्स्टच्या डोक्यावरून थेट राइट फील्डात भिरकावला. धूळ खाली बसली तेव्हा बॅटर फर्स्टवर, रनर थर्डवर.

मी बॅटरला आउट दिलं. तिसरी स्ट्राइक सुटली तर पळता येतं, पण फर्स्ट बेस रिकामा असेल तर. किंवा मग दोन आउट झालेले हवेत. रनरला मात्र थर्डवरच ठेवलं, कारण बॉल जिवंत होता, म्हणजे खेळ थांबला नव्हता.

झालं! दोन्ही बाजूंचे आईबाप एकाच वेळी माझ्यावर. एका बाजूचं म्हणणं, "रनर चोरीला निघाला होता, म्हणजे बेस रिकामाच होता!" (नाही. पिच (बॅटरला टाकलेला बॉल) टाकताना तिथे रनर होता की नव्हता, तेवढंच बघायचं.) दुसऱ्या बाजूचं म्हणणं, "आउट झालेला पोरगा पळाला म्हणून आमचा कॅचर फसला, रनरला मागे पाठवा!" (हेही नाही. आउट झालेला खेळाडू पुढे पळत राहिला, तर नुसत्या तेवढ्यावरून तो अडथळा धरत नाहीत, असं नियमात स्पष्ट लिहिलंय.) एक गृहस्थ तर जाळीला नाक लावून ओरडले, "बाई, नियमांचं पुस्तक वाचा!"

वाचलंय हो. म्हणूनच सीझनअखेरच्या जेवणाला या सगळ्या मंडळींची १० प्रश्नांची परीक्षा घ्यायची ठरवली आहे. अट एकच: ३० वर्षं बेसबॉल बघितलेला माणूस ज्याचं उत्तर छातीठोकपणे चुकीचं देईल, असा प्रश्न हवा. कोणी किती होमरन (इथला षटकार) मारले वगैरे नको. माझे तीन असे:

बॅटरने बॅट फिरवली, पिच त्याच्या बोटांवर आदळली आणि बॉल घरंगळत पिचरकडे गेला. आता काय? (हात हा बॅटचाच भाग, असं निम्मी जनता सांगेल. हात हा बॅटरचा भाग. बॉल मृत, आणि बॅट फिरवली म्हणून स्ट्राइक.)

रनर आणि बॉल एकाच क्षणी बेसला पोचले तर? (टाय झाली की रनर सेफ, हे वाक्य पुस्तकात कुठेच नाही.)

मारलेला बॉल होम प्लेटवर आपटला, तर फेअर (हद्दीतला) की फाउल (हद्दीबाहेरचा)? (होम प्लेट फेअर हद्दीत येते.)

उरलेले सात तुम्ही द्या.

फेनवेचा भिडू

ताई, हा घ्या षटकार. एकच खेळाडू एकाच मॅचमध्ये दोन्ही टीमकडून खेळू शकतो का?

सगळे हसतील. उत्तर आहे हो! २६ जून २०२४ ला आमच्या बोस्टनच्या फेनवे पार्कवर रेड सॉक्सविरुद्ध टोरांटो ब्लू जेजचा डॅनी जॅन्सन बॅटिंगला उभा होता. दुसरी इनिंग चालू, एक स्ट्राइक झालेली, आणि पाऊस आला. मॅच तिथेच थांबवली. जुलैमध्ये रेड सॉक्सने खेळाडूंच्या अदलाबदलीत त्यालाच घेतला. २६ ऑगस्टला मॅच होती तिथून पुढे सुरू झाली, तेव्हा पठ्ठ्या कॅचर म्हणून होम प्लेटच्या मागे बसला. ब्लू जेजला त्याच्या जागी दुसरा बॅटर पाठवावा लागला, म्हणजे स्वतःच अर्धवट सोडलेल्या बॅटिंगचे उरलेले बॉल त्याने स्वतःच झेलले. मेजर लीगच्या (इथली सगळ्यांत वरची व्यावसायिक लीग) इतिहासात असा हा पहिलाच.

नियम साधा आहे: एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. दुसऱ्या टीमकडून आला तर काय, याचा विचार करायची वेळ मेजर लीगमध्ये कधी आली नव्हती.

शंकासूर

पंचीणबाई, बाकी ठीक, पण तुमच्या तीन प्रश्नांतले दोन मी परीक्षेआधीच रद्द करतो.

तिसरा बघा. बॉल होम प्लेटवर *आपटला* एवढ्यावरून फेअर-फाउल काहीच ठरत नाही. प्लेटवर टप्पा पडून तो फाउल लाइनच्या बाहेर गेला आणि तिथे थांबला तर फाउलच. प्रश्न असा हवा: "बॉल प्लेटवर पडून तिथेच *थांबला* आणि कॅचरने उचलला." मग उत्तर फेअर. तुम्ही लिहिलेला प्रश्न त्या जाळीवाल्या गृहस्थांच्या हाती लागला तर ते तुम्हाला तिथल्या तिथे सोलतील.

दुसरा तर काढूनच टाका. टाय हा शब्द पुस्तकात नाही हे खरं, पण बॅटरच्या बाबतीत तिथे असं लिहिलंय की त्याने फर्स्टला पाय लावण्या*आधी* तो किंवा बेस टॅग झाला (बॉलसकट शिवला गेला) तर तो आउट. "आधी" नसेल, एकाच वेळी असेल, तर तो आउट कसा? म्हणजे लोकांची म्हण तर्काने बरोबरच येते. एकच एक उत्तर हवं ही अट तुमचीच ना? अंपायर लोक यावर "टाय कधी होतच नसते" म्हणून हात झटकतात, पण परीक्षेत तसं चालत नाही.

आणि परीक्षा घेतली म्हणून लोक ओरडायचे थांबतील, ही आशा असेल तर ती सोडा.

पंचीणबाई

शंकासूर, तिसऱ्यावर कान पकडले. प्रश्न लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर थांबलेलाच बॉल होता, शब्द मात्र "आपटला" पडला. दुसराही काढला. (मनातून अजून पटलेलं नाही, पण पुस्तक उघडून तो शब्द बघितला. "आधी" आहे खरा.)

ओरडणं थांबावं असं मी म्हटलंच नाही. निदान बरोबर नियमावरून ओरडा, एवढंच.

कव्हर ड्राइव्ह

बेसबॉलमधलं फारसं कळत नाही, नुकताच बघायला लागलोय. बाळबोध शंका: रनर मधला बेस न शिवता पुढे गेला, तर अंपायर लगेच आउट देतो ना? त्याला तर दिसलेलं असतं.

पंचीणबाई

कव्हर ड्राइव्ह, तुमची बाळबोध शंका माझ्या परीक्षेत चौथ्या नंबरवर बसवली. उत्तर: नाही. अंपायरने तोंड मिटून उभं राहायचं. फील्डिंगच्या टीमने बॉल घेऊन त्या बेसवर जायचं, "हा इथे शिवला नाही" म्हणून अपील करायचं, मग आउट. पुढची पिच पडली की अपीलचा हक्क गेला. तुम्हाला क्रिकेटमुळे हे सोपं जाईल, तिथेही अपील झाल्याशिवाय अंपायर बोट वर करत नाही. इथे जन्मभर बेसबॉल बघणाऱ्यांना मात्र हे पटतच नाही. मला एका आजोबांनी विचारलं होतं, "तुला दिसलं होतं तर बोलली का नाहीस?" जणू मी चोराला पळून जाऊ दिलं.

जुना जोगी

अपीलचा विषय निघालाच आहे तर म्हातारबोवांना जरा पाल्हाळ लावू द्या. मी न्यूयॉर्कला आलो १९८२ ला. दुसऱ्याच वर्षी, २४ जुलै १९८३ ला, यांकी स्टेडियमवर तो प्रसिद्ध डांबराचा तमाशा झाला. मी टीव्हीवर बघत होतो. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट असताना कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने होमरन मारला, त्यांची टीम ५-४ ने पुढे गेली. यांकीजचा मॅनेजर बिली मार्टिन बाहेर आला आणि म्हणाला, याच्या बॅटला पाइन टार (पकड बसावी म्हणून चोपडतात ते चिकट डांबर) जास्त लागलंय. मुठीकडून १८ इंचांपर्यंतच चालतं. आता मोजायचं कशाने? अंपायर टिम मॅक्लेलंडने बॅट होम प्लेटवर आडवी धरली, कारण प्लेटची रुंदी १७ इंच. ब्रेट आउट, मॅच संपली! ब्रेट डगआउटमधून (टीमची बसायची जागा) जो उसळून आला तो बघण्यासारखा होता.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. परीक्षेला घ्या पुढचा भाग. लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी निकाल फिरवला आणि होमरन धरून मॅच तिथून पुढे खेळायला सांगितली. १८ ऑगस्टला उरलेली मॅच सुरू झाली, तेव्हा अंपायर दुसरेच होते. बिली मार्टिन कसला वस्ताद! त्याने पहिली पिच पडायच्या आधी अपील केलं की ब्रेटने होमरनच्या वेळी फर्स्ट बेस शिवलाच नव्हता. नव्या अंपायरांना ते कसं ठाऊक असणार? पण त्यांनी खिशातून कागद काढला. आधीच्या अंपायरांनी प्रतिज्ञापत्र लिहून दिलं होतं, की सगळे बेस शिवले होते!

प्रश्न असा करा: "ज्यांनी होमरन बघितलाच नाही, त्या अंपायरांनी अपील कशाच्या आधारावर फेटाळलं?"

फेनवेचा भिडू

काका, प्रतिज्ञापत्राचं ठाऊक नव्हतं. दंडवत.

शंकासूर

किस्सा झकास, पण ही झाली इतिहासाची परीक्षा. नियमाचा हवा असेल तर "चौथा आउट" घ्या. त्यावर मेजर लीगचे लोकही घसरले आहेत.

एक आउट, रनर सेकंड आणि थर्डवर. बॅटरने सणसणीत लाइन ड्राइव्ह (हवेतून सरळ जाणारा फटका) मारला, पिचरने झेलला. दुसरा आउट. दोन्ही रनर आधीच पळालेले. पिचरने बॉल सेकंडला टाकला, तिथल्या फील्डरने समोर आलेल्या रनरला टॅग केलं. तिसरा आउट, इनिंग संपली, सगळे डगआउटकडे. पण टॅग होण्याच्या आधी थर्डवरचा रनर होम प्लेट ओलांडून गेला होता. कॅच झाल्यावर त्याने परत थर्डला जाऊन पाय लावायला हवा होता, तो काही गेला नव्हता. रन धरायचा की नाही?

शंभरातले नव्वद लोक म्हणतील, छे, तो बेसवर परतलाच नाही. पण रन धरायचा! तिसरा आउट फोर्सचा (मागून येणाऱ्यासाठी पुढे पळावंच लागतं अशा रनरचा) नव्हता आणि रनर त्याच्या आधी पोचला होता. थर्डवर अपील करून फील्डिंगच्या टीमने चौथा आउट मागितला असता, तर तो तिसऱ्याच्या जागी धरला गेला असता आणि रन पुसला असता. पण पिचर आणि सगळे इनफील्डर (बेसजवळचे फील्डर) फेअर हद्दीबाहेर गेले की अपीलचं दार बंद.

१२ एप्रिल २००९ ला ॲरिझोनात अगदी हेच झालं. पिचर डॅन हॅरन, टॅग करणारा फेलिपे लोपेझ, होमला गेलेला डॉजर्सचा आंद्रे एथियर. डॉजर्सचे बेंच कोच बॉब शेफर यांना नियम ठाऊक होता, त्यांनी मॅनेजर जो टोरे यांना सांगितलं, टोरे अंपायरकडे गेले आणि रन मिळाला.

जुना जोगी

याच्या उलटा म्हणजे फ्रेड मर्कल. २३ सप्टेंबर १९०८, पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध कब्ज, १-१ बरोबरी, नववी इनिंग, दोन आउट. बॅटरच्या फटक्यावर थर्डवरचा रनर होमला आला, लोक मैदानात घुसले, म्हणून फर्स्टवरचा १९ वर्षांचा मर्कल सेकंडपर्यंत न जाता अर्ध्यातूनच वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने बॉल मिळवून सेकंडवर पाय ठेवला. तो झाला फोर्स आउट, म्हणून रन रद्द, मग आधी कितीही लवकर पोचलेला असो. मॅच पुन्हा खेळवली, कब्ज जिंकले आणि लीगही त्यांनीच घेतली. पोराला मरेपर्यंत लोकांनी ते विसरू दिलं नाही.

दोन्ही प्रश्न लागोपाठ ठेवा. पहिल्याने शहाणा झालेला दुसऱ्यात पडतो.

कव्हर ड्राइव्ह

फील्डरने टोपी काढून बॉल त्यात झेलला तर? लहानपणी आम्ही असले उद्योग करायचो.

पंचीणबाई

मारलेला फेअर बॉल मुद्दाम टोपीने अडवला तर बॅटरला तीन बेस बक्षीस! ग्लोव्ह फेकून मारला आणि लागला तरी तीन. *नाही लागला* तर शिक्षाच नाही. आणि बॉल मारलेला नसून कोणी फेकलेला असेल तर तीनच्या जागी दोन. हाही घेतला.

पंचीणबाई

(दोन आठवड्यांनी) मंडळी, परीक्षा झाली. मोठ्यांत सर्वांत जास्त १० पैकी ५. डांबराच्या प्रश्नावर तीन जणांनी "रिप्ले बघून" असं लिहिलं, १९८३ च्या मॅचला! बोटांवर आदळलेल्या पिचला बावीसपैकी सतरा जणांनी "खेळ चालू" म्हटलं. टोपीवाला प्रश्न मात्र सगळ्यांनी आपापल्या टोपीकडे बघत सोडवला.

सगळ्यांत जास्त ८ पडले, ते त्या दिवशी बॉल राइट फील्डात भिरकावणाऱ्या कॅचरला. मुलं परीक्षेत नव्हतीच, तो आपणहून कागद मागायला आला. तिसऱ्या स्ट्राइकच्या प्रश्नाखाली त्याने लिहिलं होतं, "बॅटर आउटच. बॉल हातात ठेवायचा."

जाळीवाल्या गृहस्थांना २. चौथा आउट त्यांना मान्यच होईना. मी कागदी पेल्यांचे बेस मांडून दाखवलं, त्यांनी पेले हलवून मलाच उलट समजावलं, शेवटी मी पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं. उभ्या उभ्या दोनदा वाचलं, मग म्हणाले, घरी नीट बघतो.

पुस्तक अजून परत आलेलं नाही.