सर्पदंशाच्या पत्रकातलं एक वाक्य अडलंय, मदत हवी आहे

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीसाठी सर्पदंशावर एकपानी पत्रक करतोय, दाराच्या मागे चिकटवायला. कातळावर फुरसं आणि घोणस. नाग, मण्यारही आहेतच. चौघांवर एकच प्रतिविष चालतं, म्हणून साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका, हे लिहिलंय. चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, चावलेला भाग हलवू नका, १०८ ला फोन करा, रेंज नसेल तर मिळेल त्या रिक्षेने निघा. इथवरचा मजकूर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून दिलाय.

अडलंय ते पुढे. 'बांधू नका' हे वाचेपर्यंत कुणीतरी सुंभ नाहीतर लुगड्याची पट्टी करकचून आवळलेली असते. म्हातारी माणसं ऐकतात होय! यावर दोन डॉक्टरांनी दोन उत्तरं दिली. व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ कृपया नकोत, आणि क्यूआर कोडही इथे निरुपयोगी.

सर्पदंशाचे रुग्ण प्रत्यक्ष हाताळलेल्यांनीच सांगा: आधीच आवळलेली पट्टी घरी सोडायची, की प्रतिविष तयार ठेवून डॉक्टरांसमोरच? आणि दवाखाना तासाभराच्या वाटेवर असेल तर उत्तर बदलतं का?